बिब्ब्याच्या नऊ फुल्या

फुल्या नऊ होत्या. तीन ओळी, ओळीत तीन. डाव्या स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या बाजूला, साधारण अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या जागेत. त्यांतल्या सहा फुल्यांचे फोड झाले होते, दोन फुटून ओल्या पडल्या होत्या आणि एकीवर काळी खपली धरली होती. सर्वांत मोठा फोड पाऊण इंच रुंद होता. फोडांच्या खाली जी गाठ होती ती डॉक्टरीणबाईंनी कंपासने मोजली आणि मला आकडा सांगितला: एक इंच सहा दशांश. काखेत बोटांना काही लागले नाही. मी तसे लिहून घेतले.

तारीख १२ फेब्रुवारी १९४४. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. होऊन सांगलीच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेची मदतनीस म्हणून लागले होते. रक्त, लघवी, थुंकी तपासणे हे माझे काम. बायकांना तपासताना लिहून घ्यायला बाईमाणूस लागे, म्हणून डॉक्टरीणबाई मला बोलावत.

टेबलावर निजलेल्या बाईंचे नाव लीलाबाई. वय एक्केचाळीस, गाव इस्लामपूरपासून अडीच कोसांवर. नवरा पलटणीत हवालदार होता आणि लढाईवर इटलीत होता. बरोबर थोरली जाऊ आली होती, रंगुबाई. तिचे वय तिला ठाऊक नव्हते. मी पन्नास लिहिले. रंगुबाईंचे मालक आप्पासो दोघींना सोडून त्याच पावली परत गेले होते, कारण घरी गुऱ्हाळ चालू होते.

"हे कुणी केलं?" डॉक्टरीणबाईंनी फुल्यांकडे बोट करून विचारले.

"माझं मीच," लीलाबाई म्हणाल्या.

"खोटं बोलू नगंस," रंगुबाई पुढे झाल्या. "म्या घातला बिब्बा. दाभनाला टोचून दिव्यावर धरला आनि फुल्या मारल्या. आमच्या गावात कुनाचा गुडघा धरू दे, पाठ धरू दे, माझ्याकडंच येत्यात. बैलाच्या खांद्याला गाठ आली तरी मीच घालती. विरघळती गाठ."

"मी बैल न्हवं, आक्का," लीलाबाई टेबलावरून म्हणाल्या.

"तवा बोलली न्हाईस ती?"

"तवा तोंडात पदर धरलावता. वरडू कशी?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात धुतले आणि सांगितले, की ही गाठ विरघळणारी नाही. स्तन काढावा लागेल, त्याखालचा स्नायू आणि काखेतली चरबीही, कारण हा रोग पसरतो तो आधी काखेतल्या गाठींत. पण आज नाही. ज्या कातडीत सुरी घालायची तीच पिकली आहे. तशात कापले तर विष अंगात भिनेल. आधी हे भाजलेले बरे व्हायला हवे. तीन आठवडे, कदाचित जास्त.

"आनि तवर ती गाठ काय करंल?" रंगुबाईंनी विचारले.

"थोडी वाढेल. आपण लक्ष ठेवू."

रंगुबाईंनी बाहेर व्हरांड्यात येऊन गाठोड्यातून भाकरी काढली, तिचे दोन तुकडे केले आणि दोन्ही लीलाबाईंपुढे ठेवले.

त्या दिवसापासून रंगुबाई दोन खाटांच्या मधल्या फरशीवर घोंगडे टाकून राहिल्या. सकाळी त्या सिस्टरच्या आधी उठून पाणी उकळत. जखमेवर सल्फाची पूड टाकायला सिस्टरने एकदाच दाखवले. पुढे ते काम त्यांनी आपल्याकडे घेतले. त्यांचा हात फार हलका होता. इतक्या हलक्या हाताने त्यांनी फुल्याही मारल्या असतील, असे मला वाटे आणि मग मी दुसरीकडे बघे.

दर चौथ्या दिवशी मी कंपास घेऊन जाई. रंगुबाई उभ्याच असत.

"किती?"

"एक पूर्णांक सहा."

"तेवढीच की."

पुढच्या वेळी तेवढीच. त्याच्या पुढच्या वेळी एक पूर्णांक सात. मी त्यांना समजावले, की एक दशांशाचा फरक माझ्या हाताचाही असू शकतो. सुजलेल्या कातडीवरून मोजताना तेवढी चूक होते. त्यांनी मान हलवली आणि विचारले, "तुझा हात चुकतो का गं, पोरी?"

फार चुकत नसे.

गुरुवारी शालूबाई येत. त्या सांगलीच्याच, कचेरीतल्या एका कारकुनाच्या बायको. दोन वर्षांपूर्वी याच दवाखान्यात त्यांचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टरीणबाईंनी तपासले, की त्या लगेच घरी जात नसत. वॉर्डात फिरत आणि ज्या बाईला हेच व्हायचे असेल तिच्या खाटेवर बसत. लीलाबाईंच्या खाटेवर बसून त्यांनी पडदा ओढायला लावला, चोळीची गाठ सोडली आणि दाखवले. छातीवर काखेपासून खाली उतरलेला एक पांढरा वण होता. लीलाबाईंनी बराच वेळ बघितले.

"दुकतं का अजून?"

"थंडीत ओढतं. हात मात्र वर जातो. हे बघा." शालूबाई भिंतीशी गेल्या, बोटे भिंतीवर टेकवून एकेक बोटाने हात वर नेत गेल्या आणि डोक्याच्याही वर नेऊन थांबल्या. "पहिल्या दिवशी कमरेच्या वर जात नव्हता. रोज एक बोट. रडायचं, पण बोट चढवायचं."

"आनि चोळीत ह्ये काय?" रंगुबाईंनी विचारले.

शालूबाईंनी चोळीच्या आतला खिसा उलटा केला. एक लहानशी पिशवी निघाली, मांजरपाटाची. "सरकी. आधी कापूस भरत होते. कापसाला वजन नसतं, तो वर चढतो. एका हळदीकुंकवाला माझा गळ्यापाशी आला होता. मामलेदारीणबाई अत्तर लावता लावता थांबल्या."

लीलाबाई हसल्या. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांनी हळू आवाजात विचारले, "मालक काय म्हनले?"

"तीन महिने काही म्हणाले नाहीत. जेवायचे आणि कचेरीत जायचे. मग एके दिवशी म्हणाले, चहात साखर कमी आहे. तेव्हा मी समजले, घर ठिकाणावर आलं."

"आमचं मालक दोन वरीस झालं चा मागाया बी घरी न्हाईत," लीलाबाई म्हणाल्या. "पत्रात लिवायचं म्हंजे वाटंत सायेब लोक फोडून वाचत्यात. हवालदाराच्या बायकूचं उरात काय झालं ते सायबानं वाचावं?" ऑपरेशनच्या कागदावर आप्पासोंनी येऊन अंगठा केला. पत्र गेले नाही.

पंचविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कातडीवर बोट फिरवून सांगितले, की आता चालेल. मी शेवटचे मोजमाप घेतले: एक इंच आठ दशांश. काखेत या वेळीही बोटांना काही लागले नाही. लीलाबाईंच्या अंगात रक्त कमी होते. कुणाचे तरी द्यावे लागणार होते. मी वॉर्डातल्या तयार असलेल्या चार बायकांचे थेंब काचेवर घेऊन जुळवून पाहिले. एकटीचे जुळले, रंगुबाईंचे.

त्या बाकावर आडव्या झाल्या, हात पुढे केला आणि काचेच्या बाटलीत रक्त चढत होते तिकडे टक लावून बघत राहिल्या. तीनशे घन सेंटिमीटरला मी सुई काढली.

"अजून घे."

"एका वेळी एवढंच घेतात."

"बाटली भरली न्हाई अजून. घे म्हनती न्हवं."

मी कापूस दाबून धरला. त्या उठून बसल्या आणि पदराने तोंड पुसले. "सख्खी भन असती तर जुळलं असतं म्हना. जावांचं कसं काय जुळतं?"

मी त्यांना रक्तगट म्हणजे काय ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसरेच विचारले. "त्या दिशी काखंत काय न्हवतं. तू लिवलंस. आता कापल्यावर निघालं, तर मदल्या पंचवीस दिसांत गेलं म्हनायचं. व्हय का न्हाई?"

"असं नसतं. बोटाला लागत नाही याचा अर्थ आत नाही असा होत नाही. आधीपासूनही असू शकतं. कुणालाच सांगता येणार नाही."

"तुला न्हाई सांगता येनार," त्या म्हणाल्या. "मला येतंय."

ऑपरेशन सव्वादोन तास चालले. जे काढले ते पांढऱ्या बरणीत माझ्याकडे आले. काखेतली चरबी मी डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली बोटांनी चाचपून, लहान मोठ्या गाठी वेगळ्या केल्या. त्यांवर क्रमांक घातले, कुप्यांत औषधी पाण्यात त्या बुडवल्या आणि पार्सल मुंबईला पाठवले. तिथे त्यांच्या पातळ चकत्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. उत्तर यायला दोन आठवडे लागतील असे कळवले होते.

ते दोन आठवडे दोघींनी भिंतीशी काढले. पाचव्या दिवशी लीलाबाईंचा हात कमरेपर्यंत गेला. सातव्या दिवशी जखमेतली रबराची नळी काढली. रंगुबाई बाजूला उभ्या राहून आपलाही हात भिंतीवर ठेवत आणि धाकटीच्या बोटांबरोबर आपली बोटे चढवत. तिचे थांबले, की याही तिथेच थांबत.

"तुमचा तर जातोय की वर," लीलाबाई घामाघूम होऊन म्हणत.

"एकटी कशाला जाऊ?"

गुरुवारी शालूबाईंनी नवी पिशवी आणून दिली. मी तागडीवर सरकी जोखून भरली. दुसऱ्या बाजूच्या अंदाजाने पहिल्यांदा एकवीस तोळे, मग लीलाबाई म्हणाल्या खांदा ओढतो, म्हणून एकोणीस. रंगुबाईंनी चोळीला आतून खिसा शिवला. टाके इतके बारीक, की शालूबाईंनी दोनदा उलटून पाहिले आणि "माझीही एक शिवा" म्हणाल्या.

मुंबईचे पाकीट आले तेव्हा रंगुबाई नदीवर धुणे घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी वाचले, मुंबईच्या दवाखान्यासाठी एक चिठ्ठी लिहिली आणि मला म्हणाल्या, "त्यांना नीट सांग. तुझं ऐकतात." मी खाटेशी जाऊन लीलाबाईंना सांगितले. इंग्रजी कागद होता. मी शब्द टाळले नाहीत.

त्या खिडकीकडे बघत होत्या. "म्हंजे आता?"

"मुंबईला किरणांचे उपचार असतात. ते घ्यायचे."

"त्यानं जातं?"

"काहींचं मागे हटतं. किती दिवस, ते सांगता येत नाही."

"म्हंजे दिसांतच मोजायचं का?"

"महिने. एखाद्या बाईला वर्षं."

त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. "आक्काला यातलं एक अक्षर सांगायचं न्हाई."

मी म्हटले, की त्या विचारणार आणि मला खोटे जमत नाही.

"तुमी गप बसा. मी बोलंन." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आवं, माझी पद्मी सात वर्सांची हाय. मालक येतील तवा येतील. माझ्यामागं ती आक्काच्याच पदराखाली वाढायची. आक्कानं तिच्या तोंडाकडं बघितलं की तिला ह्या फुल्या दिसाया लागल्या, तर पोरीला जवळ कशी घेईल? मानूस ज्याचं वाईट केलं म्हनतंय, त्याच्या लेकराला तोंड चुकवतंय. तसं नगं व्हायला. मला दुसरं काय नगं."

मी कागदाची घडी घातली. तेवढ्यात रंगुबाई आल्या. खांद्यावर ओल्या लुगड्यांचा पिळा होता. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले.

"आला का कागूद?"

"आला," लीलाबाई म्हणाल्या. "काखंत काय न्हाई. एक बी न्हाई."

रंगुबाईंनी पिळा खाली ठेवला नाही. पाणी फरशीवर ठिबकत होते. "व्हय का गं, पोरी?"

"होय," मी म्हणाले.

त्या खिडकीशी गेल्या आणि गजांवर लुगडे पसरू लागल्या. एक काठ सरळ केला, मग दुसरा. पाठ आमच्याकडेच होती. "मग आत्ता दारात सिस्टर मुंबईची चिठ्ठी कशापायी म्हनत हुती?"

"मला काय ठावं. हवालदारानं इटली बघितली, त्याच्या बायकूनं मुंबई तरी बघावी म्हनत असतील."

"आसंल," रंगुबाई म्हणाल्या. त्यांनी लुगड्याची एकच चुणी तीनदा काढली. "मी बी येती मग. गुऱ्हाळ उरकलंय. पद्मीला बी संगट घिऊ."

"पद्मीला कशाला? तिकडं तिला कोन बघंल?"

"मी हाय की. माझ्या कुशीत निजायची सवय लागू दे तिला."

रंगुबाई वळल्या, खाटेवर टेकल्या, लीलाबाईंचा सुजलेला डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि कोपरापासून खांद्याकडे, सिस्टरने दाखवले होते तसा, हलक्या हाताने चोळू लागल्या. मी प्रयोगशाळेत गेले आणि कागद नोंदवहीत चिकटवला. त्यात इंग्रजीत लिहिले होते: काखेतील गाठी, तपासलेल्या, सतरा. पैकी रोग आढळलेल्या, अकरा.