म्हातारी न झालेली गाडी

मनीषशेठची पिकअप महादू वरठा नऊ वर्षं चालवत होता आणि एवढ्या काळात ती एकदाही रस्त्यात उभी राहिली नव्हती. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रिकामी पिंपं एका कारखान्यातून उचलायची आणि दुसऱ्यात टाकायची, हे तिचं काम. रस्ते असे की नव्याकोऱ्या गाडीचीही हाडं वर्षभरात खिळखिळी व्हावीत. हिचा आवाज मात्र अजून एकसुरी होता.

त्यात जादू काही नव्हती. रोज सकाळी चावी लावण्याआधी महादू बॉनेट उघडून दहा मिनिटं आत डोकं घाली. ऑइलची काठी पुसून पुन्हा बुडवून बघी, पट्टा अंगठ्याने दाबून बघी, बॅटरीचे क्लँप हाताने हलवून बघी. शनिवारी कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टर्मिनलवर धरलेला पांढरा थर धुवायचा, कोरडं करायचं, वर व्हॅसलीनचा हात फिरवायचा. पावसाळ्यात आणखी एक काम असे. डिझेल फिल्टरच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो. तो दोन आटे सैल केला की डिझेलखाली बसलेलं पाणी वाहून जातं. दोन मिनिटांचं काम. ते पाणी तसंच राहिलं तर पंपात शिरतं आणि पंप खातं.

बॅटरीत घालायचं पाणी तो भगवंतकडून आणी. भगवंत एका कारखान्यात बॉयलरवर होता, आणि बॉयलरसाठी क्षार काढलेलं पाणी तिथे लागतंच. तारापूरकडचे बहुतेक ड्रायव्हर असंच पाणी आणतात. दुकानातून विकत घेणारा नवखा समजला जातो. पण बाकीचे हाताला लागेल तो डबा नेत, आणि इथल्या डब्यांत आधी काय होतं ते देवालाच ठाऊक. महादूची बाटली वेगळी होती आणि तिला तो दुसऱ्या कशाचा थेंब लागू देत नसे.

"बॅटरीला गंगाजल पाजतोस काय रे?" भगवंत चिडवी.

"तुज्या बॉयलरपेक्षा जास्त टिकंल ती," महादू म्हणे.

तीन-चार वर्षांत बसणारी बॅटरी सहावं वर्ष चालू असताना अर्ध्या चावीत इंजिन फिरवत होती, तेव्हा भगवंतनेही चिडवणं सोडलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द होता. सात वर्षांपूर्वी, दसऱ्याला, गाडीला झेंडूचा हार घालून झाल्यावर मनीषशेठ गोडाऊनमधल्या सगळ्यांसमोर म्हणाला होता, "महादू, ही म्हातारी झाली की तुझीच. तेव्हा दुसरं कोण नेणार तिला?" सगळे हसले. महादू हसला नाही. घरी जाऊन त्याने बायकोला, नवसीला सांगितलं, आणि त्या दिवसापासून दोघं सरावलीच्या भाड्याच्या खोलीत, आज ना उद्या गावी परतायचं म्हणून, पाहुण्यासारखी राहू लागली. डोंगराकडे त्यांच्या पाड्यावर मोगरा होई, पण पहाटे खुडलेल्या कळ्या दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत तिथेच उमलून जात. स्वतःची गाडी असती तर कळ्या वेळेत बाजारात पोचल्या असत्या, आणि नवसीला पॅकिंगच्या लाइनीवर दहा तास उभं राहावं लागलं नसतं.

आपल्या घरी येणार ती वस्तू माणूस जपतोच. महादूही जपत गेला.

आषाढातल्या एका दुपारी मनीषशेठ दोन माणसांना घेऊन गोडाऊनवर आला. एक समुद्रकाठच्या चिंचणीचा भावेश, तिशीतला, गळ्यात साखळी. दुसरा पालघरचा मेकॅनिक. "महादू, जरा बॉनेट उघड. बघू दे यांना," शेठ म्हणाला.

शेठचे मित्र असतील, असं महादूला वाटलं. गाडी दाखवायची त्याला हौसच होती. त्याने बॉनेट उघडलं आणि न विचारता सांगायला सुरुवात केली. मेकॅनिकने बॅटरीला मीटर लावला, साडेबारा व्होल्टच्या वर काटा. सेल मारताना पुन्हा पाहिलं, काटा दहाच्या खाली उतरला नाही.

"बॅटरी नवीन टाकली का?"

"सहा वर्षांची हाय."

"काय सांगता काका!"

"तारीख कोरलेली हाय, बघा ना." महादूने फडक्याने कोपरा पुसून दाखवला. मग ऑइलची काठी दाखवली, गाडीखाली वाकून चासी दाखवली. गंजाचा ठिपका नव्हता.

मेकॅनिक भावेशकडे वळला. "डोळे मिटून घे. अशी परत मिळायची नाय."

भावेशने शेठचा हात हातात घेतला आणि तिथल्या तिथे सौदा झाला. महादूच्या हातात फडकं तसंच राहिलं.

ते दोघं गेल्यावर तो ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिला. "शेठ, तुमी बोलला होतात."

"काय बोललो होतो?"

"दसऱ्याला. गाडी मला देनार म्हनून."

मनीषशेठने डोळ्यांवरचा चष्मा काढला. तो वाईट माणूस नव्हता. बोनस वेळेवर देई, नवसीच्या आजारपणात स्वतः फोन करी. "महादू, म्हातारी झाली की तुझी, असं म्हणालो होतो. मग झाली का म्हातारी? तूच सांग. आत्ता त्या मेकॅनिकला तूच तर दाखवत होतास." आणि जरा हसून म्हणाला, "अरे, नवीन इलेक्ट्रिक घेतोय. तिला ना ऑइल, ना फिल्टर. तुला आरामच आराम. उद्या भावेश गाडी न्यायला येईल, त्याला सगळं नीट समजावून दे. तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

संध्याकाळी नवसीने ऐकून घेतलं. भाकरी थापणारा हात तिने थांबवला नाही.

"मी तवाच बोलले होते, येकदा तरी बंद पडू दे तिला. नुसती धूर सोडत राहिली आसती, तरी आज दारात उबी आसती."

"मुद्दाम बिघडवू काय?"

"नको बिघडवू. पूज तिला. देव म्हनून पूजलीस, दुसऱ्यानं उचलून नेली." मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "उद्या येनार ना तो? बॅटरीत मूठभर मीठ टाक."

महादू एकदम खेकसला. "गप ऱ्हा! तिनं काय केलंय आपलं?"

नवसीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तिनं नाय काय केलं. आनि ज्यानं केलं त्याला तू काय करनार हायस?"



सकाळी भावेश आला तेव्हा गाडी धुतलेली होती. महादूने सांगायला घेतलं तसं भावेशने मोबाइल काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. हे महादूला अपेक्षित नव्हतं. ऐकलं न ऐकल्यासारखं करणारा माणूस त्याला बरा वाटला असता.

"सकाळी चावी लावली की पिवळी बत्ती विझंपर्यंत थांबा, मंगच सेल मारा. लांबून आलात तर लगेच बंद नका करू, मिनिटभर चालू ठेवा. बॅटरीत नळाचं पानी नाय घालायचं. तुमच्याकडं खारी हवा, टर्मिनल हिरवं व्हनार, दर आठवड्याला धुवा. चार दिवस उभी ठेवनार आसाल तर निगेटिव्ह काढून ठेवा."

"आधी निगेटिव्ह ना? बरोबर." भावेश लिहीत होता. "मी सुकी मासळी भरणार आहे काका. पालघर, सफाळे, सगळे बाजार करायचे. आणि डिझेलची चिंता नाय बघा. पावसाळा म्हणून होडी वर ओढलेली आहे, तिच्यासाठी भरलेले दोन ड्रम आंगणात पडून आहेत. आधी तेच संपवीन."

महादूचा हात फिल्टरपाशी गेलेला होता. अंगणातले ड्रम, महिनाभराचा पाऊस, सैल झाकणं. त्या डिझेलात किती पाणी असेल ते त्याला न बघता कळलं. बोटाखाली तो छोटा स्क्रू होता.

"आणखी काय, काका?"

महादूने हात काढून फडक्याला पुसला. "बस. येवढंच."

"लय उपकार झाले," भावेश म्हणाला आणि त्याने वाकून महादूच्या पायांना हात लावला.

गाडी फाटकातून बाहेर पडली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

त्यानंतर महादू नव्या गाडीवर बसू लागला. तिचं बॉनेट उघडायचं कारणच पडत नसे. सकाळची ती दहा मिनिटं तो गोडाऊनच्या पायरीवर बसून राही आणि नको तो हिशोब डोक्यात चाले. भरपूर पाऊस झाला, आज तिसरा दिवस, अजून फिल्टर सांभाळून घेईल. आज सहावा. भावेशचा नंबर मोबाइलमध्ये होता. फक्त 'फिल्टरखालचा स्क्रू' एवढंच सांगायचं होतं. दोनदा त्याने नंबर काढला आणि दोनदा समोर मनीषशेठचं हसू आलं. शेठचं त्यात काहीच बिघडत नव्हतं, हे त्याला स्वच्छ कळत होतं. तरी त्याने फोन लावला नाही.

नवव्या दिवशी भावेशचाच आला.

"काका, गाडी धापा टाकते हो. सकाळपासून धक्के मारते, चढावर दमच नाय. तुम्ही सांगितलं ते सगळं केलं मी, टर्मिनलपण धुतले. काय झालं असेल?"

पाठीमागून इंजिनाचा आवाज येत होता. नऊ वर्षं ऐकलेलं इंजिन. त्याचा श्वास कुठे अडकतोय ते महादूला फोनवरूनही ऐकू येत होतं. पंप अजून गेला नव्हता. आता या क्षणी सांगितलं असतं तर वाचला असता.

"माझ्या टायमाला असं कवाच झालं नाय," तो म्हणाला.

"हो ना, माझंच काहीतरी चुकलं असणार," भावेश म्हणाला. "बघतो. बंद करून पुन्हा सेल मारून बघतो. ठेवू नका हं, ऐका जरा."

महादूने फोन कानाशी तसाच धरून ठेवला.