डावा सहा, उजवा आठ

(६, ६)

आपल्या आबांच्या हातच्या कोल्हापुरी चपलांची वेबसाइट करताना वर्षाराणीनं पायथन या संगणकभाषेत चार याद्या लिहिल्या: रंग, पट्ट्यावरची वेणी, डाव्या पायाचं माप, उजव्या पायाचं माप. माप एकदाच लिहायला हवं होतं. पण आबा कागदावर दोन्ही पाय आखून घेतात, हे ती लहानपणापासून बघत आलेली. त्या भाषेतली product नावाची सोय प्रत्येक यादीतून एकेक नग उचलते आणि होतील तेवढे सगळे जोड लावते. शहाणा जोड कुठला, खुळा कुठला, ते त्या सोयीला कळत नाही. जयसिंग आबांच्या नावावर शेकडो विजोड जोड विक्रीला लागले.

चूक दिसल्यावर ती पुसायला बसली. तेवढ्यात ऑर्डर आली.

(६, ८)

कुरुंदवाडच्या तानाबाई. तपकिरी, बारीक वेणी, डावा सहा, उजवा आठ. ऑर्डर रद्द करायला वर्षाराणीनं फोन लावला.

"मावशी, माप चुकून पडलंय वाटतं."

"न्हाय की. तसंच पायजे. डावा पाय लहानपणी तापात वाळलाय माझा. आजवर दोन-दोन जोड घेतले, दोन्हीतली एकेक चप्पल घातली. उरलेल्यांचं पोतं भरलंय घरात."

"पण आमच्याकडं..."

"रद्द करू नगं, पोरी. नातीचा साखरपुडा हाय. एकदा तरी माझ्या मापाचं घालून जाऊ दे."

(८, ८)

आबांनी ऐकलं आणि कापायची रापी खाली ठेवली. कातडं दुमडून दोन्ही तळ एकदम कापायचे, ही त्यांच्या हाताची रीत.

"एकेक कापलं तर त्यो जोड न्हवं. दोन पावणं नुसतं शेजारी बसवल्यागत."

"मग त्यांनी पोती भरत बसायचं?"

"म्या कुठं तसं म्हणलं?"

"मग काय म्हणलासा?"

"सुटा तळ कापाय हात बसत न्हाय माझा."

वर्षाराणीनं कातड्याच्या तुकड्यावर खडूनं लिहिलं. दोन मापं, दोन पाय, मिळून चार जोड. "सहाचा जोड कापा, आठचा कापा. रीत मोडत न्हाय. मग अदलाबदल."

आबांनी खडूनं लिहिलेल्या शेवटच्या जोडावर बोट ठेवलं. "आणि उलटा जोड? त्यो कुणाच्या पायात?"

"ठाऊक न्हाय."

"म्हंजे पोतं तिच्या घरातनं आपल्या घरात आलं."

"येऊ दे."

आबांनी दोन्ही मापं एकाच कातड्यातून काढली.

(८, ६)

तानाबाईंचा जोड कुरियरनं गेला. साखरपुड्याच्या आधी पोचल्याचा मेसेज त्यांच्या सुनेनं पाठवला, बाकी काही नाही.

वर्षाराणी पुन्हा साइटसमोर बसली. विजोड ओळी तिनं पुसल्या नाहीत. प्रत्येकीपुढं "मागणी आल्यावर करून मिळेल" असं लिहिलं. आबांना विचारलं नाही. एका ओळीपुढं मात्र वेगळं लिहावं लागलं.

तपकिरी, बारीक वेणी, डावा आठ, उजवा सहा. शिल्लक एक.