एकोणीस नंबरच्या पेट्या

फुलाबाईने पेटीवर एकोणीस नंबरचं स्टिकर दाबलं आणि पेटी सरकत्या पट्ट्यावर ढकलली. पेटी तिने स्वतः भरली होती. तिचा नंबर अठरा. एकोणीस नंबर शेजारी बसलेल्या चिमणाबाईचा, म्हणजे तिच्या धाकट्या जावेचा.

पिंपळगावजवळच्या त्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये प्रत्येक बाईला नंबर होता. इंग्लंडातल्या कुणाच्या डब्यात एक मणी जरी सडका निघाला, तरी तक्रार थेट नंबरानिशी यायची. कोणी किती पेट्या भरल्या तेही त्यावरूनच कळे. त्या गार हॉलमध्ये चिमणाबाईची बोटं आखडायची. स्टिकरचा कागदही तिला सोलता यायचा नाही, म्हणून दोघींची स्टिकरं फुलाबाईच लावायची, आणि लावता लावता आपल्या दहा-बारा पेट्या जावेच्या नंबरावर सोडून द्यायची. चिमणाबाईला याचा पत्ता नव्हता. दिवाळीत दीर गेला, तेव्हा हिला कामावर आणलं फुलाबाईनंच; आणलं तर निभवायला नको? तसंही मजुरी रोजावर होती, पेट्या कमी भरल्या म्हणून आजवर कुणाला घरी बसवलं नव्हतं.

तीनच्या सुमारास पट्टा थांबला. सुपरवायझर अंजली हातात कागद घेऊन आली. मार्चचा पहिला आठवडा संपत आला होता आणि तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं.

"उद्यापासून निम्म्याच बायका लागतील," ती म्हणाली.

"का म्याडम? माल तं बागंत लय पडलाय," मागून कुणीतरी विचारलं.

"माल आहे, घेणारा थांबलाय. एकोणतीस तारखेला इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडणार म्हणतात. आपला कंटेनर आज निघाला तरी पोचायला तीन आठवडे. तोवर तिथं कोणता कर, कोणते कागद, त्यांचं त्यांनाच माहीत नाही. म्हणून निम्म्या ऑर्डरी थांबवल्यात."

"म्हंजी भाऊबंदकी झाली का त्यांची?" चिमणाबाईने विचारलं.

"तसंच काहीतरी."

"वाटणी त्यांची, न् चूल आमची इझवायची," फुलाबाई म्हणाली. कोणी हसलं नाही.

अंजली कामावर राहणाऱ्यांचे नंबर वाचू लागली. पंधरा. सतरा. एकोणीस. वीस. रेशनवाला एखादं नाव विसरतो आणि मग मागे येऊन घेतो, तसं होईल म्हणून फुलाबाई थांबली. यादी संपली.

बायका उठल्या तशी अंजली तिच्याजवळ आली.

"फुलाबाई, हे कसं? तुमचा हात मी रोज बघते. आणि आकडा सगळ्या हॉलमध्ये सर्वांत कमी? साहेबांनी कॉम्प्युटरवरच्या पेट्यांच्या आकड्यांवरून यादी काढलीय. काही असेल तर सांगा, मी बोलते त्यांच्याशी."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. खरं सांगावं तर चिमणाबाई घरी, आणि खोटा नंबर लावला म्हणून फुलाबाईही घरी. न सांगावं तर फुलाबाई एकटीच घरी. मे महिन्यात थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. फुलाबाईला खरं काय ते सांगून टाकावंसं वाटलं. पलीकडे चिमणाबाई डोक्यावरची टोपी काढून घडी घालत होती. दिवाळीनंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा तरतरी दिसत होती.

"गारठ्यानं बोटं आखडत्यात, म्याडम," फुलाबाई म्हणाली.

अंजली तिच्या हातांकडे बघत राहिली. मग "बरं," म्हणून गेली.

गेटबाहेर जीपची वाट बघताना चिमणाबाई जवळ सरकली. तिने फुलाबाईचे दोन्ही हात ओढून घेतले आणि चोळू लागली.

"आक्का, बोटं आखडत्यात तं मला सांगायचं नाय का? मलाबी व्हतंच की तसं. पर नेट लावला का जमतंय. माझं जमलंच ना?"

फुलाबाईला राग आला. सगळं ओठांवर आलं होतं. तिने हात मात्र सोडवून घेतले नाहीत.

"जिवाला लावून घिऊ नका," चिमणाबाई पुढे म्हणाली. "वय झालं का हात मंदावायचाच. आता यादीत मी हाय ना? चार दिवस माझं काम बघू द्या त्यांना. मंग म्याडमपाशी तुमच्यासाठी शब्द टाकते."

चार दिवसांनी हिच्या शब्दाला काय किंमत उरेल, ते फुलाबाईला ठाऊक होतं. चार दिवस तरी कशाला, उद्या संध्याकाळीच एकोणीस नंबरचा खरा आकडा दिसेल.

"टाक की," ती म्हणाली. "पर चार दिस थांबू नको. उद्या सकाळीच टाक. पट्टा सुरू व्हायच्या आधी."