शंखाच्या ओठावरची खाच

"मॅडम, ह्यात खाचच दिसत नाहीये," कल्याणी म्हणाली.

शर्मिला मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. कच्छहून आणलेला दगड न फोडता त्याच्या पोटातली जीवाश्म झालेली गोगलगाय दिसत होती. हिंजवडीच्या एका कंपनीत इंजिनाचे भाग आतून तपासायचं मशीन आलं होतं. तिथे ओळख काढून मॅडमच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या कल्याणीनं ही चित्रं मिळवली होती. शंख अख्खा होता आणि त्याचा ओठ गुळगुळीत.

"दुसरा दाखव."

दुसराही गुळगुळीत. तिसराही. ओठावरच्या त्या खाचेवरच तर मॅडमनी समुद्री गोगलगायींचं एक नामशेष कुळ वेगळं काढलं होतं, आणि जगानं ते मान्यही केलं होतं.

"मग आपल्या कपाटातल्या झाडून सगळ्या शंखांना खाच कशी?" कल्याणीनं विचारलं.

दाराशी गायकवाड उभे होते. धम्मदीप गायकवाड, मिसरूड फुटल्यापासून ह्या संस्थेत दगडातून शंख मोकळे करणारे. कुळातल्या एका जातीला मॅडमनी त्यांचं नाव दिलं होतं. विश्रांतवाडीच्या घरी पाहुणा आला की चहाआधी त्याला ती गोगलगाय ऐकावी लागे. कुळ गेलं की आपल्या नावाची जातही जाणार, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्यांचा संशय कुणाला आलाच नव्हता.

ते टेबलापाशी आले. खिशातून आपली सुई काढली, शिलाई मशीनची, दगडावर घासून चपटी केलेली. कपाटातला एक शंख घेऊन तिचं टोक खाचेत ठेवलं. ते तंतोतंत बसलं.

"पहिल्या शंखाला खाच निघाली तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते, मॅडम," ते म्हणाले. "पुढच्यांना दिसेना. मला वाटलं, चुन्यानं बुजली असेल. म्हणून निघेपर्यंत कोरत गेलो."

मॅडम म्हणाल्या, "आणि मी रोज भिंगातून बघत होते, गायकवाड. मला सुईचा ओरखडा ओळखू येऊ नये?"

गायकवाड कल्याणीकडे वळले.

"कल्याणीताई, हे छापून येईल ना?"

"यावंच लागेल."

"मग सुई कुणाची होती तेही लिहा."

त्यांनी कपाटाचा खण उघडला आणि एका शंखाखालची स्वतःच्या नावाची चिठ्ठी अलगद काढली. ती टेबलावर ठेवावी की खिशात, हे न कळून ते ती हातात धरून तसेच उभे राहिले.