तलवारीवरचा डावा हात

नव्यानं बदलून आलेले हवालदार कल्याणप्पा ओसरीवर बसले आणि त्यांनी मोबाइल हर्षालीपुढं धरला. चित्रात तिचा भाऊ शंभू नळदुर्गच्या किल्ल्यासमोर दोन्ही हातांनी तलवार उगारून उभा होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'जत्रेत बघून घेतो.'

"सकाळपासून गावभर फिरतंय हे. याला ठाण्यात यावं लागंल."

सोमवारी शंभूची हळद, आणि हा खांबाला टेकून, डावा हात खिशात घालून उभा. तोंड उघड की, असं हर्षालीला ओरडावंसं वाटलं.

चित्र तिचंच होतं. म्हणजे तिनं शिकवलेल्या मॉडेलचं. एका गेमसाठी ती कॉम्प्युटरला तलवार धरलेली माणसं काढायला शिकवत होती. त्याला मूठ काही जमायची नाही. कधी बोटं सहा, तर कधी तलवार थेट मनगटातून उगवलेली. परवा एकदाचं जमलं, तेव्हा हौसेनं तिनं ते मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. तिथून कुणी उचललं, कुणी खाली धमकी लिहिली, देव जाणे. कशाला मिरवलं, कशाला!

"काका, हा फोटो न्हाय. मशीननं काढलंय." "मशीनला बोटं जमत न्हाईत. तुमीच मोजा."

बोलून गेल्यावर तिला आठवलं, मॉडेलला बोटं नीट काढायला शिकवण्यातच तर तिनं सारा उन्हाळा घालवला होता.

कल्याणप्पांनी चष्मा लावला, चित्र मोठं केलं.

"उजवी पाच," ते पुटपुटले. "डावी... आयला, चारच हायत की!"

हर्षालीचा जीव भांड्यात पडला. मग तिनं वाकून पाहिलं. करंगळीच नव्हती. घरात तलवार कुठली असणार? मूठ शिकवायला तिनं शंभूच्याच हातात कुऱ्हाडीचा दांडा देऊन ढीगभर फोटो काढले होते. त्याची डावी करंगळी लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. त्या हाताची घरात इतकी सवय, की तिला काही खटकलंच नाही. मॉडेल त्याच्या चेहऱ्यासकट तो हात जसाच्या तसा शिकलं होतं. आता तो हात शंभूचाच म्हणून सांगितलं, तर हे मशीनचं चित्र असं कोण मानणार? तिनं नुसती मान डोलावली.

"मशीनच खुळं म्हणायचं," कल्याणप्पा हसले. "सायबांना सांगतो मी. कर बाबा निवांत लगीन."

आत सगळं ऐकत बसलेली शंभू-हर्षालीची आई, कस्तुराबाई, डोळे पुसत चहा घेऊन आली. एक कपबशी तिनं हवालदारांना दिली, दुसरी लेकापुढं धरली.

"घे. सकाळधरनं पोटात कायबी न्हाय तुझ्या."

शंभूनं उजव्या हातानं नुसता कप उचलला. बशी आईच्या हातातच राहिली.

"अरे, बशी घे की," कल्याणप्पा म्हणाले. "लई कडक हाय चहा."

कप बोटांना भाजत होता. शंभूनं एकदा हर्षालीकडं पाहिलं आणि खिशातला हात बाहेर काढला.