काचेआडची रेहल

मी रेहल बोलतेय. कुराणशरीफ जमिनीला टेकू नये म्हणून जिच्यावर उघडून ठेवतात, ती घडी होणारी लाकडी बैठक. परतवाड्याच्या मुनाफ मिस्त्रींनी मला सागाच्या एकाच फळीतून कापलं. ना खिळा, ना बिजागरी.

त्यांची मुलगी तरन्नुम लहानपणीच तापाने गेली. तिच्या नावाने त्यांनी माझ्यासह काही रेहली अमरावतीच्या एका मकतबला, म्हणजे मुलांना कुराण शिकवणाऱ्या शाळेला, दिल्या. मुलं आमच्यावर जे वाचतील, त्याचा सवाब, त्याचं पुण्य, गेलेल्या जिवाला पोचतो. पण वाचायला तर हवं.

तिथे शिकवणाऱ्या हाफिजजींनी आम्हाला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. माणूस वाईट नव्हता. "पोट्टे पाय लावतीन, बेअदबी होईन," म्हणायचे. वर्गात ते म्हणत, मुलं मागून म्हणत. किताब कोणापुढेच नसे. मुनाफ मिस्त्री कधी शुक्रवारी दाराशी येऊन विचारत, "वाचून राह्यले ना पोरं?"

"फडाफडा, मिस्त्री," हाफिजजी सांगत.

मी आतून ऐकायची. माझा सांधा आवळत चालला होता.

मग अकोल्याहून सफिया आपा आल्या. मकतबांमधलं शिकवणं पाहायला ती चालवणाऱ्या संस्थेने त्यांना नेमलं होतं. त्या दिवशी आम्हाला पुसून, वर किताब ठेवून मांडलं. वर्गातल्या नाजमीनने माझ्यासमोर बसून कुराणातली एक सूरा, एक अध्याय, झरझर म्हटली. आपांनी मधल्या ओळीवर बोट ठेवलं. "इथून वाच, बेटा."

नाजमीनने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदाही तेच.

"हिले पाठ आहे, हाफिजजी. वाचता नाही येत." आपांनी किताब उचलून मला मिटून उघडलं. मी करकरले. "या रेहली आजच बाजारातून आणल्या का?"

"जपून ठेवल्या होत्या, आपा."

"कोणासाठी?"

आपा मुलांसमोर अधिक बोलल्या नाहीत. सतरंजीवर बसून त्यांनी नाजमीनचं बोट एकेका अक्षरावर फिरवलं, हाफिजजींना शेजारी बसवून. जाताना म्हणाल्या, "आता मागून म्हणणं बंद. मी पुन्हा येतो पाहाले."

तेव्हापासून वर्ग भरला की आम्ही बाहेर असतो. सुटला की पुन्हा कुलूप. ते काही सुटलं नाही. काच आतून किती जाड असते, हे बाहेरच्याला कळत नाही. कोणी प्रेमाने दिलेली वस्तू तुमच्याकडे असेल, तर ती झिजू द्या.

परवा मिस्त्री आले. नेहमीचंच विचारलं.

"आता शिकून राह्यले," हाफिजजी हळूच म्हणाले.

मिस्त्रींना समजायला थोडा वेळ लागला. "मंग इतके दिवस माह्या पोरीले काहीच पोचलं नसन?"

आत नाजमीन एका अक्षरावर अडली होती. मिस्त्री चपलांपाशीच खाली बसले, आणि तिची ती ओळ पुरी होईपर्यंत उठले नाहीत.