कॅपवरची फुंकर

जिन्यातच मला धातू घासायच्या मायक्रोमोटरचा आवाज ऐकू आला आणि डोक्यात सणक गेली. औषधांची पिशवी तशीच धरून मी उरलेला जिना धावत चढले.

लालबागच्या चाळीतली आमची बाहेरची खोली हीच आमची डेंटल लॅब. माझा नवरा निलेश आणि मी दातांच्या कॅप आणि ब्रिज बनवतो. धातू घासायचं काम लग्नाआधीपासून त्याचंच. कालच परळच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं होतं, की निलेशच्या फुप्फुसात धूळ बसली आहे. बिघडलं ते बिघडलं, पण आता धूळ थांबली नाही तर पुढे ऑक्सिजनशिवाय घरातल्या घरात चालणंही जमणार नाही. तेव्हा आमच्या साहेबांनी नंदीबैलासारखी मान हलवली होती.

मी दार ढकललं. निलेश टेबलावर वाकलेला, मास्क हनुवटीखाली, धूळ ओढणारं सक्शन बंद. त्याने ब्रिज डोळ्यांजवळ नेला आणि फू करून धूळ उडवली. मग खोकला सुरू झाला. टेबल धरून तो खोकत राहिला. मी पिशवी तिथेच टाकली.

"ऊठ," मी म्हटलं.

"दादरच्या क्लिनिकमधून ब्रिज परत आलाय. टाइट बसतोय. कालिंदी मॅडमचा पेशंट क्लिनिकमध्ये थांबलाय गं. पाच मिनिटं दे."

"सक्शन का बंद?"

"परवा कॅप गिळली ना सक्शनने. त्याची धुळीची सगळी पिशवी उपसली आपण, विसरलीस?"

विसरले नव्हते. आम्हा लॅबवाल्यांना कॅप हरवायची भीती जिवापेक्षा मोठी. त्यात ही फुंकरीची खोड. धूळ उडवल्याशिवाय कड दिसत नाही, फुंकायला मास्क खाली ओढायचा, आणि फुंकून झालं की तीच धूळ छाती भरून आत घ्यायची. कालपासून मी हेच त्याच्या कानीकपाळी ओरडत होते.

"ऊठ म्हणते ना. मी करते. तू गॅलरीत बस."

तो उठला. मी मास्क चढवला, सक्शन लावलं, ब्रिज चिमटीत घट्ट धरला. फोन वाजला. क्लिनिकचाच. उचलला नाही. थोडं घासून ब्रिज दातांच्या मॉडेलवर बसवला, तो अजून अडकत होता. पुन्हा घासलं. पुन्हा फोन. जरा जास्त घासलं गेलं तर सगळा ब्रिज फुकट, आणि नेमका कुठे अडकतोय तेच दिसेना.

"रुपाली."

निलेशचा आवाज कसातरीच आला. मी वर पाहिलं. तो दारात उभा होता, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? दम लागतोय?"

त्याने माझ्या हनुवटीकडे बोट दाखवलं. माझा मास्क खाली होता. ब्रिज ओठांसमोर होता, आणि त्यावर धुळीचा कणही उरला नव्हता. मी केव्हा फुंकलं, मला आठवेना.

त्याने आत येऊन मोटर बंद केली.

"ऊठ," तो म्हणाला.

आता हाच बसणार, असं वाटून मी खुर्ची सोडेना. पण त्याने वाजणारा फोन उचलला.

"मॅडम, पेशंटला घरी पाठवा. आज ब्रिज होणार नाही. नाही, उद्याचंही सांगत नाही. आधी इथे धुळीची सोय करतो, मग काम घेतो. दुसऱ्या लॅबला दिलंत तरी चालेल."

कालपासून मी घसा फोडत होते. स्वतःच्या छातीसाठी त्याला यातलं एकही वाक्य सुचलं नव्हतं.